शिळ्या तुकड्याचा ठराव

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाच्या ‘करुणा संध्या’ या वार्षिक उपक्रमासाठी यंदा आफ्रिकेतील गरिबी सर्वानुमते निवडण्यात आली. गेल्या वर्षीची गरिबी जरा कमी पडली, अशा सभासदांच्या तक्रारी होत्या. मंडळाचं नशीब असं, की इथेच जन्मलेली आणि फिल्म स्कूलला जाणारी अनिका नुकतीच नैरोबीच्या एका झोपडपट्टीतल्या लोकांबरोबर छोटी फिल्म करून परतली होती.

फिल्म तिथल्या वंबुई नावाच्या बाईने लिहिलेली, दिग्दर्शनही तिचंच. अनिकाने फक्त कॅमेरा धरला होता. लग्नघर, चपात्या लाटायला बसलेल्या बायका आणि प्रत्येक चपाती उजेडाकडे धरून तपासणारी नवऱ्या मुलाची आई. ही खडूस आई वंबुईनेच झकास केली होती. शेवटी तिची स्वतःचीच चपाती करपते, सगळी गल्ली हसते आणि तीही पोट धरून हसते. याआधी कुठल्याशा परदेशी संस्थेने वंबुईला नुसतं रडताना दाखवलं होतं. म्हणून या वेळी आपलं हसू कापायचं नाही, असा शब्द तिने अनिकाकडून घेतला होता.

समितीने फिल्म पाहिली. अध्यक्ष रवींद्रकाका गंभीर झाले.

“बेटा, फिल्म सुपर्ब आहे. पण सगळे हसतायत. ऑडियन्स कनेक्ट कसा करणार?”

“काका, इट्स अ कॉमेडी.”

“हो, पण गरिबांवर हसणं इन्सेन्सिटिव्ह वाटतं ना!”

“दे रोट इट, काका! त्यांनीच लिहिलंय!”

“त्यांना बिचाऱ्यांना कुठे कळतेय स्वतःची सिच्युएशन,” शुभाकाकू कळवळून म्हणाल्या.

फिल्म बदलायला अनिकाने निक्षून नकार दिला. समितीने तो आदरपूर्वक ऐकून घेतला, फाइल ‘टेक्निकल चेक’साठी ठेवून घेतली आणि मराठी सबटायटल्ससाठी उपसमिती नेमली. तिथे खरा पेच पडला. स्वाहिलीतही चपातीला चपातीच म्हणतात. पुण्याचे रवींद्रकाका म्हणाले, प्रमाण मराठीत पोळी.

“अहो, ती आफ्रिकन बाईसुद्धा चपाती म्हणतेय!” मुंबईच्या शुभाकाकू कडाडल्या.

“म्हणू दे. आपल्याला तिला सपोर्ट करायचाय, फॉलो नाही करायचंय.”

सभात्याग झाले, मंडळ फुटायची वेळ आली. अखेर ‘शिळा तुकडा’ हा शब्द मंजूर करण्यात आला. त्यावर पुण्याचा आक्षेप नव्हता, मुंबईचा नव्हता आणि विषयालाही तो शोभत होता.

पण शिळ्या तुकड्यावर बायका खिदळतायत, हे विसंगत दिसू लागलं. म्हणून हसू काढलं. हसू काढल्यावर फिल्मला शेवट उरेना. मग कांदा चिरताना वंबुई डोळे पुसते, ते दृश्य उचलून शेवटी लावलं, संथ केलं आणि त्याखाली बासरी घातली. अनिकाला हे कळलं ते भर कार्यक्रमात, सगळ्यांबरोबर.

हॉलमध्ये हुंदके फुटले. अनिका शरमेने लाल झाली. दिवे लागले आणि व्हिडिओ कॉलवर वंबुई पडद्यावर आली. पलीकडे तिनेही फिल्म पाहिली होती.

“त्या शेवटच्या सीनमध्ये तुमच्या मनात काय दुःख होतं?” रवींद्रकाकांनी इंग्रजीत विचारलं.

“कांदा,” वंबुई म्हणाली. “आणि माझं हसू कुठे गेलं?”

काकांनी तिला म्यूट केलं. “नेटवर्क इश्यू आहे,” त्यांनी जाहीर केलं.

पडद्यावर वंबुई हातवारे करून तावातावाने बोलत राहिली. प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“किती आभार मानतेय बिचारी!” शुभाकाकूंनी डोळे टिपले.

“शी इज अँग्री! तिला अनम्यूट करा!” अनिका रागाने रडत ओरडली.

“मुलंसुद्धा बघा किती इमोशनल झालीयेत,” काका माइकवर म्हणाले. “बाहेर जेवण तयार आहे. पोळी आणि चपाती, दोन्ही ठेवल्यात.”

वंबुई बोलतच होती. कोणीतरी लॅपटॉप मिटला.

तुम्ही त्या हॉलमधले नाही, हे मला ठाऊक आहे. शुभाकाकूंचा तुम्हाला मनापासून राग आला असेल. पण वंबुईच्या अंगावर काय होतं, हे मी या गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही. मघापासून तुम्ही तिला जे विटकं, फाटकं घालून बसवलं आहे, ते तुमच्याच घरातून आणलेलं आहे.