पितांबरभाईंना झटका लागत नाही

ज्या माणसाने जन्मात कधी मोटारीचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं नाही, त्याच्या अंगात वीज मुरलेली आहे असं अख्ख्या गावाने मानावं, यात पितांबरचा दोष एवढाच की तो वेळेवर बोलला नाही.

पितांबर विजेला फार भीत असे. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तो वाळक्या काठीने लांबून ढोसायचा आणि पावसाळ्यात तेही काम बायकोवर, तापीबाईवर, सोपवायचा. पण यंदा घरामागच्या केळीत रानडुकरं शिरू लागली, आणि झटका मशीन बसवण्यावाचून इलाज उरला नाही. हे मशीन बॅटरीवर चालतं आणि शेताभोवतीच्या तारेत थोड्या थोड्या वेळाने वीज सोडतं. डुकराला फटका बसतो, मरत मात्र नाही. मशीन पितांबरने नवं आणलं. तारेसाठी मात्र तो शहाद्याला भाच्याकडे गेला. भाचा हेमराज जळक्या मोटारींमध्ये नवी तार भरून देत असे. तो जेवायला गेला होता, आणि कोपऱ्यात तांबूस तारेचं एक मोठं रीळ नुसतं पडून होतं. भाच्याला विचारायला मामा काय परका आहे, असं मनाशी म्हणत पितांबरने ते पिशवीत घातलं. सगळे लोखंडी तार लावतात, आपली तांब्याची, या आनंदात तो प्रकाशा गावापर्यंत बसमध्ये उभ्याने आला.

तार बांधून झाली. मशीन टिकटिक करू लागलं, लाल दिवा लुकलुकू लागला. बघायला शेजारचा भावेश आला, कमलबाई आली, आणखी चारदोन जण आले. काम कसं दिसतंय ते बघायला पितांबर दोन पावलं मागे सरला, ओल्या बांधावरून त्याचा पाय घसरला आणि तो दोन्ही हातांनी तारेवर पडला. कमलबाईने डोळे मिटले. पितांबरने तिच्या आधीच मिटले होते.

काही झालं नाही. मशीन टिकटिकत राहिलं.

"काका, लागना नही का?" भावेशने विचारलं.

"नही," पितांबर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"मशीन तं चालू शे."

"शे ना."

कमलबाईने हात जोडले. "माय वं, याले करंट वळखस," ती म्हणाली.

तेव्हाच कुणी तारेला बोट लावून पाहिलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मागच्या साली भावेशला स्वतःच्या शेताच्या तारेचा असा फटका बसला होता की तो अजून वायरचं भेंडोळं दिसलं तरी वाट बदलत असे. त्यामुळे तपास करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पितांबरच्या मनात आलं होतं. पण तोवर लोक त्याला 'पितांबरभाई' म्हणू लागले होते. आजवर त्याला गावात कुणी धड 'ओ' सुद्धा देत नसे. आता चहाच्या टपरीवर पहिला कप त्याच्यापुढे येऊ लागला. कमलबाईने गुडघ्यावर त्याचा हात फिरवून घेतला आणि गुडघ्याचा ठणका उतरला असं स्वतःच जाहीर केलं. असा मान मिळत असताना मध्येच कोण कशाला मशीन उघडून बघेल?

डुकरं मात्र रोज येत होती, तारेला अंग घासून आत शिरत होती आणि केळीची खोडं फोडून जात होती. त्याचाही उलगडा भावेशने केला. "काकाना हात लागेल शे ना तारले. डुकरस्लेबी परसाद भेटी ऱ्हायना."

तापीबाईला हा परसाद पटला नाही. जेवताना ती म्हणाली, "तुम्हले झटका लागत नही, डुकरस्लेबी लागत नही. मंग तुम्हनामा आनि डुकरस्मा फरक काय शे?"

पितांबरने भाकरी मोडली. तापीबाईने आपल्यापुरता निर्णय केला आणि त्या तारेवर धुणं वाळत घालायला सुरुवात केली.

अशात डीपीवरचा फ्यूज उडाला. डीपी म्हणजे गावाला वीज देणारा तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्याला हात लावणं म्हणजे यमाच्या दाराची कडी वाजवणं. वायरमन जालमसिंग लग्नासाठी वर डोंगरात गेलेला. पंखे बंद, मोटारी बंद, मोबाईल झोपलेले. सगळे पितांबरच्या दारात जमले.

"पितांबरभाई, वायरमनना काय काम? तुम्हीच हातमा धरीसन फ्यूज बसाडी द्या," भावेश म्हणाला.

पितांबरने आभाळाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि तिथी त्याच्या मदतीला आली.

"आज एकादस शे. उपासले मी करंट धरत नही."

"बराबर शे," कमलबाई म्हणाली. "सकाळले उपास सोडा, मंग धरा."

पितांबर तडक शहाद्याला पळाला. हेमराज एका मोटारीच्या गुंडाळ्या वार्निशच्या डब्यात बुडवत होता. मामाने सगळं सांगितलं, रिळाचंही सांगितलं, आणि भाचा हसत हसत खाली बसला.

"मामा, ती मोटर भरानी तार शे. दखाले उघडी, पन तिना आंगवर वार्निशना थर राहस. तो नही व्हता तं तारले तार भिडीसन मोटर जळी जाई. थरना बाहेर करंट येतच नही."

"म्हंजे माले काहीच येत नही?"

"तुम्हले वार्निश येस, मामा." हेमराजने त्याच्या हातात पॉलिश पेपर ठेवला. "टोक खरडा, तार खरडा. मंग डुकरं पळतीन."

परतताना पितांबरने विचार केला. खरं सांगितलं तर गाव हसेल. डीपीवर चढलं तर गाव रडेल, आणि ते बघायला आपण नसू. मग त्याला तिसरी वाट सुचली. तार खरडायची, उद्या सगळ्यांसमोर धरायची, झटक्याने उडायचं आणि शक्ती गेली असं सांगून मोकळं व्हायचं. डीपी टळेल, केळी वाचेल, आणि शक्ती होती हेही कायम राहील. आयुष्यात प्रथमच त्याला झटक्याची ओढ लागली.

भर दुपारी गाव निजलेलं असताना त्याने मशीनजवळचं टोक खरडलं, मग रस्त्याकडची तार. तळहात सोलून निघाले. अंगणाकडच्या तारेशी आला तर तापीबाई आडवी आली.

"तठे गोधड्या वाळी ऱ्हायन्यात. तठे हात लावू नका."

एवढ्याने काय बिघडतंय, म्हणून त्याने तेवढी तार सोडून दिली.

द्वादशीला सकाळी सगळं गाव कुंपणाशी जमलं. पितांबर गंध लावून आला.

"पहिले तार धरसू," तो म्हणाला, "मंग डीपीवर जासू."

त्याने तार धरली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि आपण नीट खरडलं नाही की काय असं त्याला वाटलं. तेवढ्यात मशीनचं टिक वाजलं. पितांबर जागच्या जागी उडाला, टोपी केळीत गेली आणि तो चिखलात बसला. हात झिणझिणत होते, दात वाजत होते, पण आतून त्याला फार बरं वाटत होतं.

"गई," तो सुतकी आवाजात म्हणाला. "शक्ती गई मन्ही."

सगळे चुकचुकले. मग भावेशने एक प्रश्न विचारला, जो पितांबरच्या हिशोबात नव्हता.

"गई तं खरी. पन कोठे गई?"

सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या. अंगणात तापीबाई दोन्ही हातांनी तार वर उचलून गोधड्या काढत होती. मशीन टिकटिकत होतं. तिने एक गोधडी खांद्यावर टाकली, तार सोडली, पुन्हा धरली.

"माय वं, घरमाच ऱ्हायनी," कमलबाई म्हणाली, आणि गाव कुंपणाला वळसा घालून अंगणात शिरलं.

"बाईस्ले डीपीवर लई चला," कुणीतरी म्हणालं.

आता मात्र पितांबर चिखलातून तसाच धावत आला. बायको हकनाक जाणार म्हणून तो ओरडला. "आरे, तठे वार्निश शे. तठलं मी खरडेल नही. तिले नका लई जाऊ, मरी जाई ती."

"काका," भावेश समजुतीने म्हणाला, "बायकोले मान भेटना म्हनीसन असं जळू नये."

तापीबाईने गोधडी खाली ठेवली. "ते खरं सांगी ऱ्हायनात. तारले वार्निश शे. माले काहीच येत नही."

"दखा," कमलबाईचे डोळे भरून आले. "खरी देवी कधी सांगस का मी देवी शे म्हनीसन?"

तापीबाईने जमलेल्या तोंडांकडे एकदा पाहिलं. खरं सांगून भागत नाही हे तिला नवऱ्यापेक्षा लवकर कळलं.

"मंग आयका," ती म्हणाली. "जालमसिंगले बलावा. तो लाइन बंद करी, तोच फ्यूज बसाडी. तोपावत डीपीले कोनी हात लावाना नही. मन्हा शब्द शे."

शेजारच्या गावी जाऊन फोन झाला. देवीने बोलावलंय म्हटल्यावर जालमसिंग जेवणाच्या पंगतीतून उठून मोटरसायकलवर आला, लाइन बंद करून फ्यूज बसवला, आणि निघताना तापीबाईच्या पाया पडून गेला. पंखे फिरू लागले. ते कुणी फिरवले याविषयी गावात आता दुमत राहिलं नाही. हेमराज रीळ मागायला आला तर 'बाईस्ना तोंडमातून निंघेल' वार्निश कपाळाला लावायला हवं म्हणून लोकांनी त्याला घेरलं, आणि बिचारा रीळ विसरून दुकानी पळाला.

अंगणात रांग लागू लागली. पितांबर नारळ फोडायच्या कामावर होता. एकदा भावेशने त्याला दंडाला धरून पुढे आणलं.

"काका, तुम्ही आजून बाईस्ना पाया पडनात नही. असं बरं नही दिसत."

पितांबरने इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. तो वाकला. तापीबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. बायकांनी श्वास रोखून धरला. मंत्र फक्त त्यालाच ऐकू आला.

"मांगली बाजू आजून खरडेल नही. डुकरं तठून येतस. गोधड्यास्ना पट्टा सोडीसन बाकीनं समदं आजच खरडी टाका."

"हा, बाई," पितांबर म्हणाला, आणि प्रसाद घेऊन पॉलिश पेपर शोधायला निघाला.