तळेघरच्या पाळणाघरातली घटती वजनं

"जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत मिळून माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही," असं माझे दाजी हौशीराम स्वतःच सांगतात. ते खरंच आहे, कारण दोन्ही तालुक्यांत दुसरा गुप्तहेरच नाही. ओतूरच्या बाजारात हरवलेली एक शेळी त्यांनी तीन दिवस शोधली होती. चौथ्या दिवशी ती आपली आपण घरी आली. दाजी म्हणाले, "दडपण वाढलं, शरण आली."

मी रामदास, त्यांचा मेव्हणा. मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं, डोकं त्यांचं.

एप्रिलात बातमी आली, की तळेघरजवळच्या एका वाडीतल्या पाळणाघरात पोरांची वजनं घटली. जानेवारीपासून तिथं पाकिटातला खाऊ बंद करून इथलंच अन्न सुरू झालं होतं. नाचणीची पेज, हुलग्याची उसळ, शेवग्याचा पाला, गावठी अंडी. माल लांबून ट्रकनं आणायचा नाही, प्लॅस्टिकचा कचरा नाही, कुकरमुळे लाकूडही कमी. पण तीन महिन्यांनी काटा खाली आला. पर्यवेक्षिका वैजयंतीताई म्हणाल्या, "सोमवारपासून पुन्हा पाकिटं." आणि स्वयंपाक करणाऱ्या सोनीबाईंना घरी बसायला सांगणार होत्या.

आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. दाजी म्हणाले, "गुन्हा बोलावतो."

पाळणाघरात शिरताच त्यांनी पेजेत बोट बुडवून चाखलं. मग पुन्हा चाखलं. चौथ्या वेळी वाटीच घेतली.

"बिबट्या," ते म्हणाले. "उसात बिबट्या आहे. भीतीनं पोरं झुरतात."

"इथं ऊसच न्हाई, भाऊ," सोनीबाई म्हणाल्या. "भात आन् नाचणी."

"मग नाचणी! रंगानं काळपट. काळं ऊन ओढतं. पोरं आतून तापतात आणि वजन घामावाटे जातं."

वैजयंतीताईंनी हे लिहून घ्यायला पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं.

दुपारी सोनीबाई झाकलेलं पातेलं घेऊन निघाल्या. दाजींनी मला कोपर मारलं. करवंदीच्या जाळीतून आम्ही त्यांच्या घरापर्यंत मागे गेलो. माझा शर्ट फाटला. अंगणात दाजी जाळीतून उडी मारून ओरडले, "पातेलं उघडा!"

आत शेवग्याचे देठ आणि अंड्यांची टरफलं. कोंबड्या धावत आल्या.

"पोरांच्या तोंडचा घास चोरीन व्हय मी?" सोनीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला लाज वाटली. दाजी कोंबड्या मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की घटनेची पुनर्रचना करायची. जानेवारीत वजन घेतलं तेव्हा होतं तसंच, तंतोतंत. संस्कृती नावाची चिमुरडी काट्यावर उभी राहिली. अकरा किलो आठशे. वहीत जानेवारीला बारा किलो दोनशे.

"तंतोतंत म्हंजे?" संस्कृतीच्या आजी धोंडाबाईंनी विचारलं.

"अगदी तसंच, आजी. काडीचाही फरक नको."

आजी उठल्या आणि घराकडे गेल्या. आल्या त्या गाठोडं घेऊन. भर उन्हात त्यांनी नातीला दोन स्वेटर चढवले, जाड पँट, कानटोपी, बूट, वरून शाल गुंडाळली. संस्कृतीनं भोकाड पसरलं.

"लई थंडी व्हती ना त्या दिवशी," आजी म्हणाल्या. "सगळीच पोरं अशी व्हती."

काटा बारा किलो सातशेवर थांबला.

वैजयंतीताईंनी वहीवर वजाबाकी केली, मग पुन्हा केली. "कपडेच नऊशे ग्रॅम," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे पोर अर्धा किलो वाढलीय. आणि ते वजन मीच घेतलं होतं."

"हेच मला सिद्ध करायचं होतं," दाजी म्हणाले.

बाकीच्या पोरांचाही हिशेब तसाच निघाला. वैजयंतीताईंनी सोनीबाईंचे दोन्ही हात धरून माफी मागितली. सोमवारी पेजच शिजणार, असं ठरलं. अहवालात दाजींचं नाव आलं नाही. "वजन घेताना स्वेटर काढावेत" एवढंच आलं.

निघताना दाजी सोनीबाईंपुढे घुटमळले. "संशयितांच्या यादीतून तुमचं नाव खोडलंय मी."

"यादीत अजून कोन व्हतं?"

दाजींनी खिशातून यादीचा कागद काढून पाहिला. "कोणीच नाही."

"मग द्या तो कागद इकडं," सोनीबाई म्हणाल्या. "चूल पेटवायची हाय. आन् बसा, उसळ खाऊन जावा."

दाजींनी निमूटपणे कागद दिला आणि पोरांच्या पंगतीत मांडी घातली.