दोनशे चौदा फोन

१९९३ सालची गोष्ट. निवडणूक हरून सहा महिने झाले होते, नवा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट होता आणि आयोवातल्या हॅडली गावचे रिपब्लिकन अजून सुतकात असल्यासारखे वावरत होते. त्यांच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्षसमितीची चिटणीस होती व्हर्ना डायक्स्ट्रा. बावीस वर्षं तिने ते पद जिवापाड सांभाळलं होतं.

राष्ट्राध्यक्षांनी इंधनावर नवा कर लावायचं काढलं, तेव्हा समितीचे प्रमुख ऑर्व्हिल टीटर्स टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाही म्हणायचं! तो जे जे मांडेल त्याला नाही! झालं आपलं धोरण."

"आणि आपण काय मांडायचं?" व्हर्नाने विचारलं.

"ते निवडून आल्यावर बघू. तू लोकांना फोनला जुंप. शुक्रवारपर्यंत आपल्या सिनेटरच्या कचेरीत या कराविरुद्ध दोनशे फोन गेले पाहिजेत. नाही गेले, तर चिटणीसपद दुसऱ्या कुणाला देऊ. थकलीस तू आता."

व्हर्नाने त्याच संध्याकाळी पिवळ्या कार्डांवर त्या कचेरीचा नंबर टाइप केला. एकाने पाचांना कळवायचं, त्या पाचांनी पंचवीसांना. दोन दिवसांत सगळी काउंटी फोनला चिकटली.

शुक्रवारी सकाळी ती आकडा विचारायला सिनेटरच्या कचेरीत स्वतः गेली. तिथली मुलगी म्हणाली, "चार. त्यातल्या एकाला पशुवैद्य हवा होता."

व्हर्नाने पर्समधलं कार्ड काढलं. शेवटी नऊ हवा होता, तिथे सहा होता. तिथूनच तिने तो नंबर फिरवला.

"हुल्डा ब्रँडव्होल्ड बोलतेय. आधी नाव सांगा, मग गाव. मग हवं तेवढं ओरडा."

तासाभरात व्हर्ना तिच्या स्वयंपाकघरात होती. हुल्डाबाई ऐंशीच्या, जन्माच्या डेमोक्रॅट. दारातल्या पाटीवर अजून त्यांच्याच उमेदवाराचं नाव.

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही, नंबर चुकलाय म्हणून?"

"अगं, तोंड उघडू देतील तर ना! तीन जणांना सांगून पाहिलं. चौथा रडत होता. गाई विकायला काढल्यात म्हणाला. त्याला काय सांगू, नंबर चुकलाय? मग पेन्सिल घेतली."

त्यांनी वही पुढे सरकवली. दोनशे चौदा नावं, गावं, प्रत्येकाचं म्हणणं. व्हर्ना एकेक पान उलटत गेली. बावीस वर्षांत समितीतल्या कुणीही या माणसांचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. तिने स्वतःसुद्धा.

"दोनशे नऊ जणांना काय नको ते ठाऊक आहे," हुल्डाबाई म्हणाल्या. "काय हवं, ते पाचच जण बोलले. त्यांच्यापुढे मी खूण केलीय. मला ते पाच जण पटले, हे मात्र कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळी समितीपुढे व्हर्नाने चूक कबूल केली. ऑर्व्हिल हसून हसून लाल झाले. "शत्रूच्या घरी फोन! दे राजीनामा."

"देते. आधी हे ऐका." तिने त्या पाचही जणांचं म्हणणं वाचून दाखवलं. बापाची शेती मुलाकडे जाताना सरकारने मधे हात घालू नये. शाळेचं शाळेच्या गावाने ठरवावं. असं साधंच होतं सगळं. "राष्ट्राध्यक्षांना विरोध करायचाच. मीही करणार. पण नुसत्या 'नाही'ला मत कोण देणार? आपण काय करू, ते सांगू या."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आधी ऑर्व्हिलचा राजीनामा घ्या."

पुढच्या वर्षी ती पाच कलमं पत्रकावर छापून समितीने काउंटीतल्या सगळ्या जागा जिंकल्या. व्हर्ना अकरा वर्षं प्रमुख होती. ऑर्व्हिल ॲरिझोनाला जाऊन स्थायिक झाले आणि तिथल्या सोसायटीच्या प्रत्येक ठरावाला विरोध करत सुखाने जगले. गाई विकायला काढून फोनवर रडणाऱ्या डेल्बर्टने पाच गाई ठेवल्या, पुढे त्यांच्या पन्नास झाल्या.

हुल्डाबाई एक्क्याण्णव वर्षं जगल्या. शेवटचं मत देऊन आल्या त्या दिवशी व्हर्ना त्यांच्याकडे कॉफीला गेली होती.

"या वेळचा तुमचा माणूस फार चांगला होता गं," त्या म्हणाल्या. "हात थरथरला माझा."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या हाताने धरला आणि आमच्याच माणसाला मत दिलं."