पांढऱ्या फितीची झाडं

राखणदाराला हुकूम सोपा होता. पाइनच्या रोपवनात ज्या झाडांना लाल फीत बांधली आहे, त्यांना वर्षातून दोनदा अर्धा अर्धा किलो खत घालायचं. पांढऱ्या फितीच्या झाडांना काहीच घालायचं नाही. तीन वर्षांनी दोघांचा घेर मोजायचा, म्हणजे खतानं झाड किती भरतं ते कळेल. एक ओळ लाल, शेजारची पांढरी, अशी दोनशे झाडं होती.

पहिल्याच दिवशी त्याचा हात अडला. ही सगळी झाडं त्यानंच लावलेली, करंगळीएवढी असल्यापासूनची. एका ओळीला वाढायचं आणि दुसरीनं नुसतं बघत उभं राहायचं, हा पंक्तिप्रपंच त्याला करवेना. त्यानं पांढऱ्यांना चिमूट चिमूट घातलं. मग त्या चिमटीची मूठ झाली. पोती मोजून आलेली असल्यामुळे पांढऱ्यांचं वाढलं की लालचं घटायचं, आणि मग लालचीही कणव यायची. शेवटी त्यानं पाव किलोचा एक डबा घेतला आणि सगळ्यांना सारखं माप लावून टाकलं.

बायकोला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. तिनं चार मुलं वाढवली होती, पण ताटात एकदा वाढलं की वाढलं. रडून, रुसून कुणाला तिच्याकडून घासभर जास्त मिळालं नव्हतं.

"अहो, झाडं काय भूक लागली म्हणून तुमच्या दाराशी आलीत? सांगितलंय तेवढं करा की."

"अगं, बोलत नाहीत म्हणून काय झालं?"

तीन वर्षांनी एका सोमवारी मोजणीच्या मॅडम आल्या. तरुण होत्या, राखणदाराला काका म्हणायच्या आणि झाडाशी टेप लावताना जीभ दाताखाली धरायच्या. दिवसभर मोजून त्या राखणदाराच्या घराच्या पायरीवर बसल्या. लाल आणि पांढरं यांत सुतभराचा फरक नव्हता. खताचा काही उपयोग नाही असं दिसतंय, त्या म्हणाल्या. गुरुवारी मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर थोडी झाडं पुन्हा मोजायची, आणि मग ही खताची योजना बंद. योजना बंद म्हणजे राखणदाराची जागाही बंद. त्याला शहरातल्या लाकूड वखारीवर पाठवतील, ओंडके मोजायला.

जन्मभर त्यानं झाडं उभी केली आणि नोकरीची शेवटची पाच वर्षं आडवी झालेली मोजायची. खरं सांगावं तर नोकरी जाईल, न सांगावं तर रोपवन जाईल. बुधवारी सकाळी त्याला एक युक्ती सुचली. जाड झाडांना लाल फिती बांधायच्या, बारीक झाडांना पांढऱ्या. प्रत्येक झाडावर नंबराचा पत्रा ठोकलेला होता, तेव्हा फितीबरोबर पत्राही हलवायचा. संध्याकाळपर्यंत त्यानं साठ झाडांची अदलाबदल केली. चोख काम झालं असं त्याला वाटलं.

गुरुवारी साहेबांसमोर मॅडमनी सतरा नंबरला टेप लावला. वहीत पाहिलं. पुन्हा टेप लावला.

"काका, हे झाड सोमवारी चौदा इंच होतं. आज अकरा आहे."

"ऊन कडक पडलंय, मॅडम."

"तीन दिवसांत तीन इंच?"

पुढचं झाड दोन इंचांनी रोडावलेलं निघालं. त्यापुढचं चार इंचांनी सुटलेलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग राखणदारानं डोक्यावरची टोपी काढली आणि पहिल्या चिमटीपासून कालच्या पत्र्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. बोलताना तो साहेबांकडे नाही, झाडांकडे बघत होता.

साहेब काही म्हणायच्या आत मॅडमनी विचारलं, "सगळ्यांना पाव किलोच? नक्की?"

"डब्याच्या काठापर्यंत. एकालाही कमी नाही."

मॅडम तडक ओढ्यापलीकडे गेल्या. तिकडे त्याच वर्षी लावलेली, त्याच वाफ्यातली पाइनची झाडं होती. ती या हिशोबात नव्हती, म्हणून तिकडे कुणी खताचं पोतं नेलंच नव्हतं. राखणदारानंही नाही, कारण ओढा ओलांडताना त्याचे गुडघे दुखायचे. मॅडमनी वीस झाडं मोजली. एकही नऊ इंचांच्या वर नव्हतं.

म्हणजे खत लागू पडत होतं, आणि कदाचित अर्ध्या मापातही लागू पडत होतं. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मात्र हे असं चुकून कळलेलं कागदावर लिहिता येणार नाही, ते म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून करायचं, नव्या झाडांवर: काहींना पूर्ण, काहींना अर्धं, काहींना काहीच नाही. योजना आणखी पाच वर्षं चालेल. राखणदार इथंच राहील.

"पण खताच्या खोलीची किल्ली यांच्याकडे नको," साहेब म्हणाले. "ज्याला झाडाची दया येत नाही असा माणूस हवा. कुठं मिळायचा या रानात?"

राखणदाराची बायको चहा घेऊन आली होती आणि मघापासून ट्रे धरून ऐकत होती. तिनं चौघांसाठी चार कप आणले होते, चारही एका रेषेत भरलेले. मॅडम त्या कपांकडे बघत राहिल्या.

"काकू, तुम्हाला जमेल?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात कामाला सुरुवात झाली. कमरेला किल्ली लावून बायको पुढे, पाठीवर पोतं घेऊन राखणदार मागे. पूर्ण मापाची ओळ झाली, अर्ध्या मापाची झाली. उपाशी ओळीपाशी त्याची चाल मंदावली.

"थांबायचं नाही," ती मागे न बघता म्हणाली. "आणि त्यांच्याकडे बघायचंही नाही."

तो मान खाली घालून चालू लागला. ओळ संपली तेव्हा त्यानं सहज वर पाहिलं, तर बायको पुढे नव्हती. ती मागेच राहिली होती, शेवटच्या किडकिडीत रोपापाशी. हात कमरेवर, किल्ली मुठीत घट्ट धरलेली.

"चला लवकर," राखणदाराला बघताच ती म्हणाली. "मला काही दया वगैरे आलेली नाही."