वांगणीची नात

सुहासिनीबाईंचं म्हणणं असं होतं की, अंबरनाथपासून वांगणीपर्यंत अशी एकही गोष्ट नाही, जी त्यांना एका हळदीकुंकवात सापडणार नाही!

आणि ही नुसती बढाई नव्हती. त्या लग्न होऊन बदलापुरात आल्या, तेव्हा शिरगावात बिल्डिंगा नव्हत्या, भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. तेव्हापासून कोणाच्या घरी कोण जन्मलं, कोण रुसलं, कोणाचा जावई आनंदनगरच्या कारखान्यात कायम झाला, हे सगळं त्यांना रामरक्षेसारखं पाठ होतं. घरातली सून सुरुची, तीसुद्धा त्यांनी एका हळदीकुंकवातच हेरली होती. तिळगूळ घेताना हात कसा पुढे करते, एवढ्यावरून!

या वेळी शोधायची होती ती गोष्ट मात्र जरा वेगळी होती.

नात रिद्धी आठ वर्षांची, तिसरीत. पोरगी म्हणजे दाणे भाजताना कढईतून उडणारा शेंगदाणा! एक ओळ वाचायला बसली की तीन वेळा उठायची, आणि चौथ्यांदा बसली की ओळ हरवलेली असायची. 'कमळ' लिहायला सांगितलं तर 'मकळ' लिहायची. वर्गाच्या बाईंनी सुरुचीला शाळेत बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे. पण अक्षरं तिच्यापुढे नाचतात, आणि लक्ष एका जागी ठरत नाही. कोणा जाणकाराला दाखवा. उशीर करू नका."

सुरुचीने पंधरा दिवस मोबाईलवर शोधलं. एक जागा अंधेरीला निघाली. एकीकडे सहा महिन्यांनी नंबर. एक ठिकाण फारच छान होतं, सगळी माहिती नीट दिलेली, फोनवर बोलायलाही माणूस तयार! पण ते निघालं विलायतेत.

"म्हणजे विलायतेत मदत आहे आणि बदलापुरात नाही?" सुहासिनीबाई कडाडल्या.

"असेल हो आई. पण मला सापडत नाहीये."

त्याच संध्याकाळी रिद्धीने दप्तर कोपऱ्यात ढकललं आणि विचारलं, "आजी, मी ढ आहे का गं?"

सुहासिनीबाईंचा निवडणीच्या ताटातला हात थांबला. तो शब्द त्यांनी साठ वर्षांत ऐकला नव्हता असं नाही, पण त्यांच्यासाठी तो शब्द अजून अंबरनाथच्या एका शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. त्यांचा धाकटा भाऊ श्यामकांत. गुरुजींनी त्याला आधी मागच्या बाकावर बसवला, मग वर्गाबाहेर उभा केला, आणि एक दिवस तो बाहेरूनच निघून गेला. घड्याळ, शिवणयंत्र, काहीही खोलून पुन्हा जोडून द्यायचा तो. पण बसची पाटी मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याकडून वाचून घेत असे. आणि त्याला ढ म्हणणाऱ्यांत सुहासिनीबाईही होत्या. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"कोण म्हणालं तुला?" त्यांनी विचारलं. "रथसप्तमीच्या आत तुझ्यासाठी चांगल्या बाई शोधते की नाही बघ!"

सुरुचीला शंका आली. "आई, तुम्ही हळदीकुंकवात स्पष्ट विचाराल ना?"

"स्पष्ट? वेडी का काय! उद्या पोरीचं लग्न करायचंय!"

"ती आठ वर्षांची आहे!"

"अगं, लोकांची आठवण तीस-तीस वर्षं टिकते. माझीच बघ की!"



हळदीकुंकवाला चाळीस बायका आल्या. वाण म्हणून उल्हासनगरहून आणलेले झाकणाचे डबे होते, झाकण एकदा बसलं की निघत नाही असे. अत्तर लावून झालं, तिळगूळ झाला आणि सुहासिनीबाईंनी सहज, अगदी वाऱ्यावर सोडल्यासारखा विषय काढला.

"माझी एक मावसबहीण आहे हो, वांगणीला. तिची नात आहे. फार चुळबुळी! वाचायला कंटाळते. कोणी माहितीतलं असेल तर..."

बायका एकदम डब्यांची झाकणं काढण्यात गुंतल्या. मग भजनी मंडळाच्या प्रमुख चौबळबाई म्हणाल्या, "असतात हो अशी मुलं. आमच्या ओळखीत आहे एक मुलगा. नेरुळला. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. गाड्या ओळीने लावत बसतो."

"मेरे चाचाजी के इधर भी है ना!" तिसऱ्या मजल्यावरची सोनिया म्हणाली. ती उल्हासनगरच्या सिंधी घरातली; मराठी आणि हिंदी एकाच फोडणीत टाकायची. "कल्याणला. पंखा चालू केला की कानावर हात ठेवतो एकदम."

बघता बघता नेरुळ, कल्याण, कर्जत, नाशिक अशी सगळीकडची मुलं निघाली. बदलापुरात तेवढं एकही नव्हतं! शिरगाव म्हणजे अगदी शहाण्या मुलांचं आगर!

तेवढ्यात कोणाबरोबर तरी आलेली एक तरुण मुलगी म्हणाली, "मी अशाच मुलांना शिकवते. प्रगती माझं नाव. दर शनिवारी मी वांगणीलाच असते. शाळेची एक खोली मिळालीय. तुमच्या मावसबहिणीला सांगा, नातीला घेऊन या!"

सुहासिनीबाईंच्या हातून हळद सांडली. "आणि एरवी कुठे असता?"

"इथेच! तुमच्यामागे दोन बिल्डिंग सोडून वर्ग आहे माझा. आधी पाटी लावली होती, तर पाटी बघून कोणी येईना. म्हणून पाटी काढली. आता पाटी नाही म्हणून कोणी येत नाही!"

बायका गेल्यावर सुरुची आनंदाने नाचायचीच बाकी होती. "आई! दोन बिल्डिंग सोडून! उद्याच जाऊ!"

"कशी जाणार? चाळीस बायकांसमोर मी तिला वांगणीला बसवलीय ना!"

"मग खरं सांगून टाका."

"आता सांगितलं तर आधी खोटं बोलले हे नाही का कळणार?"

"मी नाही येणार असल्या नाटकाला," सुरुची म्हणाली. "पण तिला दाखवा, आई. कुठेही दाखवा."

शनिवारी आजी आणि नात रिक्षाने वांगणीला निघाल्या. दोन बिल्डिंग चालण्याऐवजी! वाटेत तालीम झाली.

"तू वांगणीला राहतेस. मी तुझ्या आजीची मावसबहीण."

"म्हणजे तू माझी आजी नाहीस?"

"आहे. पण आज नाही."

"मग आज माझी आजी कोण?"

"ती घरी आहे."

"कोणाच्या घरी? आपल्या? मग ती आपल्याकडे आली तेव्हा मी कुठे होते? आजी, ती बघ म्हैस!"

रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता. म्हशीकडे नव्हे, सुहासिनीबाईंकडे.

शाळेच्या खोलीबाहेर बाकावर माणसं बसली होती. एक बाई डोक्याला स्कार्फ आणि डोळ्यांना काळा चष्मा लावून होत्या. शेजारी एक मुलगा बाकावर खडे ओळीने मांडत होता. स्कार्फ नवा होता, पण चष्म्याखालची ती नथीच्या खुणेची नाकपुडी सुहासिनीबाईंनी वीस वर्षं भजनात समोरून पाहिली होती.

"चौबळबाई!"

चष्मा दचकला. "अगंबाई! तुम्ही इकडे?"

"मी... भाजी घ्यायला. वांगणीची भाजी ताजी असते. तुम्ही?"

"मी शेतघर बघायला. यांना हवंय ना!"

बाकाच्या टोकाला तोंडापुढे मासिक धरून कोणीतरी बसलं होतं. मासिक उलटं होतं. "सोनिया?"

"आंटी, मी पण भाजी!" सोनिया मासिकामागूनच म्हणाली.

थैली मात्र दोघींपैकी एकीकडेही नव्हती.

दाराजवळ, जमिनीवर, भिकी बसली होती. डोंगरावरच्या वाडीतली. दीड तास चालून आली होती. तिचा मुलगा गोमा तिच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होता. ती मघापासून या शेतघरवाल्या आणि भाजीवाल्या बायका निरखीत होती.

प्रगती बाहेर आली. "आलात! हीच का ती नात? आणि हिची आई?"

आईची तालीम झालीच नव्हती! सुहासिनीबाईंच्या तोंडाला येईल ते आलं. "आई शेतावर आहे. भाताची लावणी चालू आहे ना!"

"लावणी?" भिकी खोखो हसली. "आजे, संक्रांतीला कंची लावणी? शेतात आता वाल हाय!"

रिद्धीला आजीची दया आली असावी. ती मदतीला धावली. "आई शेतावर नाहीये, घरी आहे. आम्ही वांगणीचे नाहीच. आम्ही तुमच्यापासून दोन बिल्डिंगवर राहतो. तुमच्या गच्चीवरची निळी चादर आमच्या जाळीत अडकली होती ना, ती मीच काढली. आणि ही माझी आजीच आहे, फक्त आज नाहीये!"



"मग आमच्या नेरुळचं पण खरं नाही," चौबळबाई हळूच म्हणाल्या आणि चष्मा काढला. "हा माझाच नातू."

"हमारा भी कल्याणचा नाही," सोनियाने मासिक खाली केलं. "मेरा ही बेटा है, आंटी. आत बसलाय."

प्रगतीने कपाळाला हात लावला. "तरीच! माझा शिरगावचा वर्ग ओसाड, आणि इथे उभं राहायला जागा नाही!"

"तेच म्हनते मी!" भिकी उठली. "ही खोली आमच्या पोरांसाठी काढली, अन् नंबर लागतो बदलापूरचा. माजा सातवा! तुमच्याकडं शिकवनारी न्हाय का कोन?"

"आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"किती लांब?"

"दोन बिल्डिंग."

भिकीने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मंग चालता येत न्हाय का?"

तिघींनी सरकून दाराशी वाट करून दिली. पुढचा नंबर मग गोमाचा लागला.

रिद्धीचा नंबर आला तेव्हा प्रगतीने परातीत वाळू पसरली आणि बोटाने अक्षर काढायला सांगितलं. रिद्धी उभ्याने काढत राहिली, पुसत राहिली, मध्ये एकदा खिडकीपर्यंत जाऊन आली. तिला कोणी बस म्हटलं नाही. अर्ध्या तासाने प्रगती म्हणाली, "तपासणी रीतसर करून घ्यावी लागेल. कुठे, कशी, ते मी लिहून देते. शाळेतही बोलू. पण आजी, ही ढ नाही. हिला दुसऱ्या रस्त्याने न्यायचं, एवढंच."

"माझ्या भावालाही कोणी वाळू दिली असती तर," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि परातीतली वाळू तळहाताने सारखी करत राहिल्या.

ठरलं ते असं: शनिवारी वांगणी फक्त इथल्या मुलांसाठी. बदलापूरकरांनी रविवारी, राजरोस, शिरगावात यायचं. तिघींनी एकमेकींना शपथ घातली.

रविवारी सुहासिनीबाई रिद्धीचा हात धरून भर दहा वाजता निघाल्या. वॉचमनने "कुठे?" विचारायच्या आत त्यांनीच मोठ्याने सांगितलं. विचारणारही नव्हता तो, पण सांगितलं! रिद्धी दोन-दोन पायऱ्या चढत पुढे पळाली.

वर्गात चौबळबाई चष्म्याशिवाय बसल्या होत्या. सोनिया होती. आणि कोपऱ्यात एक अनोळखी बाई, ओढणीने नाकापर्यंत तोंड झाकून, मांडीवर मुलगा घेऊन.

"कुठून आलात?" सुहासिनीबाईंनी आपलेपणाने विचारलं.

"वांगणीहून."

"वांगणीहून? अहो, तिथे शनिवारी वर्ग असतो की! आता गर्दीही नाही!"

"माहीत आहे हो," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण तिथे सगळे ओळखीचे. इथं कसं, कोणी बघत नाही."

सुहासिनीबाईंनी खिडकीतून समोर पाहिलं. समोरच्या अकरा गॅलऱ्यांत अकरा बायका उभ्या होत्या, आणि मघापासून एकेक टॉवेल वाळत घालत होत्या.

"अगदी बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या आणि उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.