साहेबांची कानटोपी

निसर्ग ऋतू बदलतो, हा गैरसमज डोक्यावर वरिष्ठ नसलेल्या माणसांनी पसरवलेला आहे. सदाशिवरावांना वरिष्ठ होते. रोज पहाटे साहेबांच्या मागोमाग धावलं तर पदरात काय पडणार? पुण्याची बदली, मुलाच्या तोंडी मराठी, आणि पत्नी लतिकाबाईंचं "या गावात आपलं आहे कोण?" कायमचं बंद. एवढ्या नफ्यासाठी झिजणार होते ते फक्त बूट.

लखनौच्या महानगर भागातल्या त्या सरकारी कॉलनीत थंडी साहेबांवरून ठरे. साहेबांनी कानटोपी चढवली की हिवाळा, उतरवली की वसंत. (लेखी आदेश नव्हता. लेखी आदेश न पाळण्याजोग्या गोष्टींचे निघतात.)

फेब्रुवारी सरत आला. पहाटे धुकं, न्याहारीला कडक ऊन, एके दुपारी गारा, दुसऱ्या दुपारी पंखा. निसर्गाची ही धरसोड साहेबांना मान्य नसावी; कानटोपी जागेवरच होती. सबब, पार्कात तेरा अधिकारी स्वेटर-मफलरात निथळत धावत होते. धावता धावता एकजण तर साहेबांना ऐकू जाईल इतपत कुडकुडत असे.

रजईत पडून राही तो एकटा धनंजय. पुण्यासाठी अर्ज त्याचाही होता, पण त्याला महत्त्वाकांक्षा नाही याबद्दल ऑफिसात एकमत होतं.

"अहो, स्वेटर पिळून वाळत घालावा लागतोय," लतिकाबाई म्हणाल्या. "धावता की पोहता?"

"थंडी आहे."

"पापा, सबके घर पंखे चल रहे हैं," ऋषभ म्हणाला.

"तुला नाही कळायचं. साहेबांना अजून वाजतेय."

सोमवारी धावता धावता सदाशिवरावांना भोवळ आली आणि ते गुलाबांच्या वाफ्यात बसले. साहेबांनी स्वतः त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

"सदाशिव जी, इतनी गर्मी में यह सब क्यों लादे हैं?"

"सर, आपने भी तो…"

"अरे भाई, मैं तो आप लोगों को देखकर पहने हूँ. तेरह आदमी स्वेटर में, और पसीना मुझे? मैंने सोचा, ब्लड प्रेशर होगा. पंद्रह दिन से गोली खा रहा हूँ."

साहेबांनी कानटोपी काढली. हिवाळा तिथेच अधिकृतरीत्या संपला.

मग त्यांनी सदाशिवरावांच्या अर्जावर कनवाळूपणे शेरा मारला: प्रकृती नाजूक, उष्मा सोसत नाही, तूर्त लखनौतच ठेवावे. (लखनौचा मे महिना पुण्याच्या दोन उन्हाळ्यांना पुरून उरतो, पण शेऱ्याला भूगोल नसतो.) पुण्याला धनंजय गेला. प्रकृती उत्तम, चेहऱ्यावर विश्रांती.

एकूण, साहेबांना गोळ्या पडल्या, सदाशिवरावांचं पुणं गेलं, लतिकाबाईंना धुणं उरलं. उरलेल्या बाराजणांनी नुसता घाम गाळला. त्यांची नावं इथे दिलेली नाहीत. वाचताना ज्याला त्याला आपलं सापडतं.