पाहुण्यांच्या उंचीवरून

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी सकाळी एक सद्गृहस्थ उकिडवे बसून चालताना दिसले, तर घाबरून जाऊ नये. ते सबनीसकाका आहेत. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट, आणि या सगळ्या थाटात ते बदकासारखे पुढे सरकत असतात. मध्येच थांबतात, मान तिरकी करून झुडपाखाली बघतात, पुन्हा सरकतात. नवीन लागलेला गार्ड हमखास धावत येतो. "साबजी, कुछ गिर गया क्या?" काका मान वर न करता सांगतात, "नहीं भाई, पाहणी चल रही है." पाहणी म्हणजे काय ते त्या बिचाऱ्याला कळत नाही, पण आवाजातला सरकारी हुद्दा कळतो, आणि तो सलाम ठोकून परत जातो.

मयूर विहारमधल्या आमच्या या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. आम्ही पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. मी नोएडाला जाते, नवरा गुरुग्रामला, म्हणजे त्याचा मुक्काम जवळजवळ मेट्रोतच असतो. सबनीस मात्र मुरलेले दिल्लीकर. काका एका मंत्रालयात शिष्टाचार विभागात होते. परदेशातून बडे पाहुणे आले की त्यांनी गाडीतून कुठल्या बाजूनं उतरायचं, कुठे थांबायचं, हार कुणी घालायचा, हे सगळं काका ठरवायचे. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांत टोमॅटो लावतात, प्राणायाम करतात, फोनवरून देश चालवतात. काकांनी सोसायटीतली बालवाडीच्या वयाची मुलं हाती घेतली. या मुलांना ते 'पाहुणे' म्हणतात, आणि आम्हा आईबापांना 'सोबतचे कर्मचारी'.

दर रविवारी पाहुण्यांचा एक कार्यक्रम असतो आणि आदल्या दिवशी त्या जागेची पाहणी. ती पाहुण्यांच्या उंचीवरूनच झाली पाहिजे असा काकांचा हट्ट आहे. त्यामागचा किस्सा त्यांनी मला निदान दहादा सांगितला असेल. एकदा कुठल्याशा देशाचे एक मंत्री आले होते, चाकाच्या खुर्चीतून. काकांनी त्यांना मोठ्या हौसेनं जुन्या चित्रांचं दालन दाखवलं. निघताना मंत्री अगदी अदबीनं म्हणाले, "तुमच्याकडची छतं फार सुंदर आहेत." काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. "सगळी चित्रं त्यांच्या डोक्यावरून गेली हो," ते अजूनही कळवळून सांगतात. "मी एकदा खाली बसून बघितलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

तेव्हापासून ते बसून बघतात. हिवाळ्यात इथे एक मोठी जत्रा भरते. आम्ही सगळे तिकडे जायला उत्सुक होतो, पण काका पाहणी करून आले आणि कपडे झटकत म्हणाले, "रद्द." का, तर त्या उंचीवरून फक्त लोकांचे गुडघे, पिशव्या आणि पार्श्वभाग दिसतात. "पाहुण्यांना हे दाखवायला न्यायचं? बिल्कुल नाही." त्याऐवजी आम्ही यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे काठच्या पुराच्या जमिनीवरच्या, रोपांच्या एका नर्सरीत गेलो. तिथल्या माळ्यानं मुलांच्या हातात छोट्या झाऱ्या दिल्या. मुलांनी रोपांना थोडं, एकमेकांना बरंच आणि माझ्या नव्या बुटांना उरलेलं सगळं पाणी घातलं. माझी इरा साडेतीन वर्षांची आहे. ती अजून झोपताना विचारते, "आई, झाडं सो गए का?"

सोबतच्या कर्मचाऱ्यांना नियम कडक आहेत. पाहुण्यांसमोर फोन काढायचा नाही. "लवकर चल", "हात लावू नको" आणि "ते बघ, किती छान आहे" ही तीन वाक्यं बोलायची नाहीत. तिसऱ्या वाक्यावर मी वाद घातला होता. काका म्हणाले, "काय छान आहे ते पाहुणे ठरवतात. आपण फक्त दार उघडायचं."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम मला मेट्रोच्या सहलीत समजला. मेट्रोनं यमुना ओलांडायची, पलीकडे उतरून केळी खायची आणि परत यायचं, असा बेत होता. काकांनी आदल्या दिवशी फलाटावर उकिडवं बसून पाहणी केली होती आणि सुरक्षेवाल्या बाईंना उत्तरंही दिली होती. प्रत्यक्षात आम्ही स्टेशनात शिरलो तर समोर एक माणूस फरशी पुसायचं मशीन चालवत होता. गोल फिरणारे ब्रश, मागे ओला चकाकता पट्टा. पाहुणे जागच्या जागी थांबले. माझा नवरा घड्याळ बघायला लागला. "काका, ट्रेन जाईल." काका पायरीवर रुमाल अंथरून बसलेसुद्धा. "जाऊ दे. पाहुणा थांबला की कार्यक्रम तिथेच." आम्ही केळी तिथेच खाल्ली. मशीनवाल्यानं मुलांना बघून दोन जास्तीच्या फेऱ्या मारल्या आणि आम्ही ट्रेनचं तोंडही न बघता घरी आलो. आपण मेट्रोनं खूप लांब गेलो होतो, असं इरा सगळ्यांना सांगते.

धुरकं फार वाढलं आणि बाहेर पडायची सोय राहिली नाही, की कार्यक्रम काकांच्या घरी होतो. खुर्च्यांवर चादरी टाकून विमानतळ करायचा, किंवा परातीभोवती बसून मटार सोलायचे. नलिनीकाकूंचं म्हणणं असं, की किलोभर मटार सोलले जातात, त्यातले वाटीभर घरात राहतात आणि बाकीचे पाहुण्यांबरोबर दौऱ्यावर जातात. काकू फार बोलत नाहीत, पण बोलल्या की काका कागदासारखे घडी होऊन बसतात.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला काकूंनीच सांगितलं. काकांचा मुलगा कौस्तुभ नेदरलँड्सला असतो. त्याची मुलगी रेवा चार वर्षांची. काकांनी तिला आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. दर शनिवारी काका कोट घालून फोनसमोर बसायचे, रेवा "हाय आबा, बाय आबा" एका श्वासात म्हणायची आणि पडद्यातून नाहीशी व्हायची. मग काका तिथल्या रिकाम्या सोफ्याकडे थोडा वेळ बघत राहायचे. "नाताळच्या सुट्टीत यायचीय ती," काकू म्हणाल्या. "म्हणून तुमच्या पोरांवर तालीम चाललीय यांची. ती आपल्याजवळ येईल की नाही, याची धास्ती घेतलीय माणसानं. मला म्हणतात, नलू, एवढी राष्ट्रं सांभाळली, ही एक सांभाळता येईल ना?"

मला हसू आलं. त्यानंतरच्या रविवारी मी फोन घरीच ठेवून गेले.

रेवा आली. विमानतळावर काय झालं ते काकूंनी मला दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून सांगितलं. धुक्यामुळे विमानाला उशीर झाला होता. काका बंद गळ्याचा कोट घालून, हातात फुलं घेऊन ताठ उभे होते. पेंगुळलेली रेवा आईचा हात धरून बाहेर आली, तसे काकांनी दोन्ही हात जोडले, किंचित झुकले आणि म्हणाले, "स्वागत आहे. प्रवास सुखाचा झाला ना?" रेवा आईच्या ओव्हरकोटात शिरली, ती घरी येईपर्यंत बाहेर आली नाही.

पुढे तर आणखी गंमत. रेवा खोलीत आली की काका सोफ्यावरून उठून उभे राहायचे. मोठा पाहुणा आल्यावर बसून राहायचं नसतं, ही आयुष्यभराची सवय. आता एक उंच, गंभीर माणूस आपण आलो की ताडकन उठतो म्हटल्यावर ते पोर दुसरं काय करणार, आल्या पावली परत जायची. काकू म्हणायच्या, "अहो, बसा. चार वर्षांची आहे ती." काका बसायचे, आणि रेवा डोकावली की पुन्हा उठायचे.

"काका, सरळ उचलून घ्या की," मी म्हटलं. "इराला कसं घेता?"

"इरा स्वतः येते," काका म्हणाले. "न विचारता कसं उचलायचं? हात नेहमी पाहुण्यांनी पुढे करायचा असतो. त्यांनी केला की मग आपण."

"आणि त्यांनी केलाच नाही तर?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तर वाट बघायची," ते म्हणाले.

रविवारचा नर्सरीचा कार्यक्रम खास रेवासाठी आखलेला होता. ती "नो" म्हणाली आणि पांघरुणात गेली. इरा आणि बाकीची मंडळी तयार होऊन दारात उभी होती. काकांनी त्या सगळ्यांजवळ अदबीनं दिलगिरी व्यक्त केली आणि शेंगदाण्याची चिक्की देऊन परत पाठवलं.

त्या संध्याकाळी कौस्तुभ आमच्याकडे चहाला आला. चाळिशीचा, वडलांसारखाच उंच. तो कप घेऊन बाल्कनीत उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा बिल्कुल तसेच आहेत. मी लहान असताना ते सतत कुणातरी राष्ट्राध्यक्षांच्या मागे. घरी आले की माझ्यासमोर असेच उभे राहायचे, अंतर ठेवून. दहावीच्या निकालाला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी शेकहँड केला. मला वाटायचं, त्यांना जवळ घेणं आवडतच नाही. आता रेवाला पण तेच वाटणार यार."

हात पाहुण्यांनीच आधी पुढे करायचा, हा काकांचा नियम माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण बापलेकांच्या मध्ये आपण काय बोलायचं, म्हणून मी त्याला आणखी एक चकली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले. धुकं विरळ होत होतं. बागेत काका होते, उकिडवे, कानटोपी घालून.

"काका, कार्यक्रम तर रद्द झाला ना?"

"रद्द नाही, स्थगित," ते म्हणाले. "पाहणी चालू ठेवावी लागते."

मागून पावलं वाजली. रेवाच्या झोपेच्या वेळा अजून बिघडलेल्याच होत्या, रात्री तिला झोपच लागली नव्हती, म्हणून कौस्तुभ तिला फिरवायला घेऊन आला होता. तिनं काकांना पाहिलं आणि ती थबकली. काकांनी आधी तिचे लाल बूट पाहिले, मग तिला. सवयीप्रमाणे ते उभे राहायला गेले, पण थंडीनं आखडलेल्या गुडघ्यांनी या वेळी शिष्टाचार पाळला नाही. ते तसेच अर्धवट उठून परत खाली बसले.

उभी रेवा आणि बसलेले काका, दोघांची तोंडं अगदी समोरासमोर आली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांत तिनं त्यांचा चेहरा बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला असेल. मग तीही उकिडवी बसली.

"आबा, तू काय बघतोस?"

काकांनी नुसतं मेंदीच्या कुंपणाकडे बोट केलं. रेवानं थोडा विचार केला, हातमोजा ओढून काढला आणि आपला हात पुढे केला. काकांनी तो धरला. मग आजोबा आणि नात, दोघं बदकासारखे सरकत कुंपणापर्यंत गेले.

कुंपणाच्या मुळाशी, गोणपाटावर अंथरलेल्या कुणाच्यातरी जुन्या, बिनबाह्यांच्या स्वेटरवर कुत्रीची चार पिल्लं एकमेकांवर झोपली होती. आम्ही उभी माणसं रोज तिथून जात होतो, कुणालाच ती दिसली नव्हती. काकांना ती रेवा यायच्या आधीच सापडली होती. त्यांनी इरालासुद्धा सांगितलं नव्हतं. हा कार्यक्रम त्यांनी राखून ठेवला होता, आणि पिल्लं आहेत ना, ऊबेत आहेत ना, हे बघायला रोज सकाळी येत होते. स्वेटर त्यांचाच होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रेवा थांबली, म्हणजे कार्यक्रम तिथेच. दूध घ्यायचं माझं राहूनच गेलं. पिल्लांनी जांभया दिल्या, रेवानं दिल्या, आणि सगळ्यात शेवटी काकांनी दिली. मग ती म्हणाली, "आबा, चल, आजीला सांगू."

आता उठायची वेळ आली आणि काकांना उठता येईना. एक हात रेवाच्या मुठीत, तो सोडायला ते तयार नव्हते. मी जवळ होते, मी पुढे झाले. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मोकळा हात वर केला, पलीकडे उभ्या असलेल्या कौस्तुभच्या दिशेनं. न विचारता, आधी त्यांनीच.

कौस्तुभ क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि वडलांना वर ओढलं. काकांचे गुडघे मोठ्यानं वाजले, रेवा खदखदून हसली, आणि काकाही हसायला लागले.

हस्तांदोलन किती वेळ करायचं याचाही नियम असतो, असं काकांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्या सकाळी तो त्यांना आठवला नसावा. तिघं तसेच, एका रांगेत, अवघडून लिफ्टमध्ये शिरले. दार बंद होईपर्यंत मी बघत होते. एक हात नातीच्या हातात होता, दुसरा लेकाच्या, आणि दोन्हीपैकी एकही सुटला नव्हता.